डावी पाकळी

मिठबावच्या देवळात शिवांगी शिरली ती फक्त सावलीसाठी. खाडीतल्या कांदळवनाची मोजणी करून तिचे पाय चिखलानं भरले होते. गाभाऱ्यात भिकाजी गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावत होते. उजवी आधी पडली. समोरच्या म्हातारीनं डोळे पुसले.

"वाऱ्यानं पडली," शिवांगी पुटपुटली.

"आणि वारा कुणी धाडला?"

खांबाशी टेकलेला तरुण गालात हसत होता. पुष्कर, गावच्या शाळेत मराठी शिकवणारा. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. याला कौल म्हणतात, असं त्यानं सांगितलं. म्हणजे भविष्यच की, असं ती म्हणाली, तर त्यानं नकारार्थी मान हलवली. शब्द मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. अर्थ – बोललेला शब्द, दिलेलं वचन. पूर्वी ओसाड जमीन कसायला देताना रयतेला कौल देत. निवडणुकीत लोक देतात, तोही कौलच.

"मग देव पुढचं सांगत नाही?"

"शब्द देतो. पुढचं ज्याचं त्यानं बघायचं."

त्यानंतर शाळा सुटली की तो खाडीवर यायचा, तिच्या मोजपट्टीचं दुसरं टोक धरायचा. पट्टी गुंडाळताना बोटं जवळ येत, आणि दोघंही पाण्याकडे बघू लागत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

दिवाळीनंतर तिला अंदमानला जायचं होतं, दोन वर्षांच्या कामासाठी. तिनं ते सांगितलं आणि वाट बघितली... तो काहीतरी बोलेल म्हणून. तो "बरं" म्हणाला, आणि खाडीवर यायचाच बंद झाला.

कारण तिला भिकाजींकडून कळलं. "मास्तरान कौल घेतल्यान गो," ते हळूच म्हणाले. "डावी पडली."

पुष्कर देवळाच्या पायरीवर बसला होता. ती शेजारी बसली. माझ्याबद्दलचा प्रश्न दगडाला विचारलास, असं तिच्या ओठांवर आलं होतं. त्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं.

"काय विचारलंस देवाला?"

"तू... थांबशील का."



"खरं सांगितलं त्यानं," ती म्हणाली. "मी थांबणार नाही. काम सोडून थांबले, तर जन्मभर तुझ्यावर चिडत राहीन. पण परत येईन का – हे तू विचारलंच नाहीस."

तो ताडकन उठला, गाभाऱ्याकडे वळला. तिनं त्याचा हात धरला.

"त्याला नको. मला विचार."

पुष्कर उभाच राहिला. शाळेतलं नेटकं मराठी त्याला सापडेना.

"परत... येतलस?"

"येतलंय," ती म्हणाली. त्याच्या बोलीतला तो शब्द तिनं पहिल्यांदाच उच्चारला. सावकाश, पण आत ऐकू जाईल असा. गाभाऱ्यात भिकाजींचा झाडू क्षणभर थांबला.