बॅलिनाराची लोकसंख्या

दर रविवारी सकाळी चहा झाला की योगिनीचे बाबा, कॅप्टन निशिकांत, सिंगापूरमधल्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर बॅलिनाराचा नकाशा पसरत.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव त्यांनी फक्त दुर्बिणीतून पाहिलेलं. १९७९ साली इंजिन बंद पडून त्यांचं जहाज तिथल्या खाडीत एकोणीस दिवस नांगर टाकून होतं. खाली उतरायची परवानगी मिळाली नाही. पुढं त्या गावाचा त्यांनी ध्यासच घेतला. दगडी धक्का, चर्च, १८४७च्या दुष्काळात ओस पडलेली टेकडीवरची वरची आळी, सगळं हातानं रेखलं. चर्चचं मासिक टपालानं यायचं. त्यावरून दुरुस्त्या व्हायच्या, अगदी जहाजावरच्या नकाशांसारख्या. जुनं खरडून काढायचं नाही. जांभळ्या शाईची बारीक रेघ मारून शेजारी नवं लिहायचं. जे अजून व्हायचंय, ते पेन्सिलीनं. कोपऱ्यात लोकसंख्या. ती कायम उतरतीच. शेवटचा आकडा ११६.

मार्च २०१६मध्ये बाबा गेले. तेरावं झाल्यावर योगिनी आईला न्यायला आली.

"किती दिवस अशी एकटी राहणार, आई? चल माझ्याकडे."

"एकटी कुठंय मी?" सुचित्राबाई म्हणाल्या. "तो नकाशा तेवढा गुंडाळ. जपून हं, शाई ओली असेल."

योगिनीच्या बोटाला जांभळं लागलं. ११६वर रेघ होती. शेजारी ११७. सातच्या पोटात बाबा नेहमी मारत तशी आडवी रेघ.

"तू लिहिलंस?"

"मला मेलीला एवढं बारीक कुठलं यायला!"

"मग?"

"आज रविवार ना."

मासिकाचं पाकीट टेबलावर होतं, चिकटवलेलं, तसंच. योगिनीनं ते फोडलं. शेवटच्या पानावर दोन ओळी: फार वर्षांनी गावात एक माणूस वाढलं. वरच्या आळीतल्या एका घरातून धूर निघतो आहे.

तिनं पुन्हा नकाशा पाहिला. ११७च्या खाली फिकट काहीतरी होतं.

पेन्सिलीनं. ११८.

"खोडू नकोस गं," आई शांतपणे म्हणाली आणि आत गेली. "ह्यांना खपायचं नाही."

योगिनी खोडत राहिली. कागद विरला, तेव्हा थांबली.

आत कपाट वाजलं. आई बॅग भरत होती. योगिनीला हायसं वाटलं. निघायला तयार तरी झाली. खिडकीबाहेर दुपार तापली होती, पंखा गरम वारा फेकत होता.

ती जवळ गेली.

बॅगेत सगळे लोकरीचे कपडे होते.