कपाटावरच्या बाईची आखणी

पेणच्या दत्तात्रेयाने गणपतीचे डोळे आखावेत आणि बघणाऱ्याने आपोआप हात जोडावेत, असा त्याचा हात. पण हल्ली त्याच्याच डोळ्यांवर पडदा येऊ लागला होता. यंदाचे गणपती आपल्या हातून होतात की नाही, या घोराने त्याची झोप उडाली होती. त्यात नागावच्या केसरबाईंचं बोलावणं आलं आणि तो निघाला. त्यांच्या एका जुन्या कपाटावरची पुसट झालेली फुलंच तर रंगवायची होती, त्याला अशी कितीशी नजर लागते!

स्वातंत्र्य आलं तेव्हा नागावचा गोरा साहेब आपला बंगला सामानासकट केसरबाईंना विकून विलायतेला गेला. त्या सामानातलं हे कपाट मात्र बघत राहावं असं होतं. अर्धगोल, पिवळसर लाकडाचं, अंगभर रंगवलेल्या फुलमाळा, कलश, फिती. हजारो वर्षांपूर्वीची रोमन तऱ्हा विलायतेत पुन्हा निघाली, त्यातलं हे, असं साहेब सांगायचा म्हणे. मधोमध लंबगोलात एक बाई रंगवलेली होती, खोलीतल्या समोरच्या खिडकीकडे तोंड करून. तिचे डोळे तेवढे कुणीतरी खरवडून काढले होते.

"चेहऱ्याला हात लावू नका," केसरबाईंनी बजावलं. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. साहेब तसं सांगून गेला होता, एवढंच. काम झालं की त्याच संध्याकाळी बंगल्याला कुलूप घालून त्या मुंबईला लेकाकडे जाणार होत्या, कायमच्या.

भर दुपारी माळा पुऱ्या झाल्या. पण बिनडोळ्यांचा चेहरा तसाच सोडून उठायचं कसं? डोळ्यांची आखणी करण्यातच जन्म गेलेला त्याचा. अंदाजानेच त्याने कुंचला टेकवला. त्याच्या घरची रीत अशी, की मूर्तीचे डोळे उघडले की तिची पहिली नजर आरशावर पडू द्यायची, माणसावर नाही. पण कपाटाला कुठला आलाय आरसा! शेवटचा ठिपका देऊन तो समोरच बसून राहिला.

समुद्राची गाज थांबली. बकुळीसारखा वास खोलीभर पसरला. बाईने त्याच्याकडे पाहिलं... अगदी सावकाश. आणि खिडकीबाहेरच्या पोफळीची एकेक झावळी त्याला लखलखीत दिसू लागली, झावळीवरच्या मुंग्यासुद्धा. देवा रे, केवढं हे देणं! त्याने कपाटापुढे डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं. केसरबाईंना माळा झाल्या एवढंच सांगून तो पेणला निघाला.

दिवेलागणीला घरी पोचला तो बायकोला, सगुणेला, हाका मारतच. यंदाचे सगळे गणपती मीच आखणार, म्हणाला. तिचा विश्वास बसेना. तिने कंदील वर धरून त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं आणि तशीच थबकली.

"अवो... तुमच्या बुबुळात मी न्हाय दिसत."

"मग काय दिसतंय?"

"खिडकी हाय. भाईर पोफळी हायत..." तिचा आवाज खाली आला. "कोन बाई आली, चाव्यांचा जुडगा घेऊन... ती खिडकी लावतेय."

"सगुणे, कंदील का विझवलास?"

कंदील तिच्या हातात जळतच होता. तिने वात मोठी केली. त्याच्या बुबुळांत आता खिडकीची मिटलेली दारं तेवढी होती. आणि कुलपात चावी फिरल्याचा आवाज त्या दोघांनाही स्पष्ट ऐकू आला.