शेहेचाळीस नंबरच्या प्लॉटचा रस

ऊस संशोधन संस्थेच्या वसतिगृहात रात्रीच्या जेवणानंतर, निवृत्तीला आलेले प्रयोगशाळेचे काका आम्हा नव्या विद्यार्थ्यांना त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याची हकिकत सांगत होते.

"मेहुणा भुताला भीत नसे," काका म्हणाले. "भीत असे फक्त माझ्या बहिणीला."

मेहुणा संस्थेच्याच शेतात कामाला होता. उसाला भोक पाडायचे, रसाचा थेंब मुठीत मावणाऱ्या नळीच्या काचेवर ठेवायचा, नळी उजेडाकडे धरून गोडीचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. आकडा विसाच्या वर असेल, तरच नवा वाण पुढच्या चाचणीला जाई. एका दुपारी ऊन सोसेना. शेवटच्या, शेहेचाळीस नंबरच्या प्लॉटपर्यंत तो गेलाच नाही. सावलीत बसून त्याने अंदाजे 'सतरा' लिहिले. तो वाण मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे संस्थेच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी, अकरा वर्षे खपून तयार केला होता. वही पाहून त्यांनी एवढेच विचारले, "स्वतः बघितलंस ना?"

मेहुणा हो म्हणाला.

वाण बाद झाला. प्लॉट नांगरला गेला, बेणेही राखले नाही. महिन्याभरात डॉक्टर वारले.

त्यानंतरची अकरा नोव्हेंबर, मंगळवार, रात्रीचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. शेतातल्या खोलीत विसरलेली नळी आणायला मेहुणा निघाला. नळी सापडली. परतताना नांगरलेल्या प्लॉटमधून उसाची पाने सळसळल्याचा आवाज आला.

तिथे ऊस नव्हता.

तो थांबला. हातातली काच ओली लागली…

अगदी कानाशी कोणीतरी विचारले, "स्वतः बघितलंस ना?"

चंद्र नव्हता. दिवा नव्हता. उजेडाशिवाय त्या नळीतून काहीही दिसत नाही. तरी त्याने डोळा लावला…

तेवीस.

सकाळी त्याने संचालकांपुढे सगळे कबूल केले. ते रागावलेसुद्धा नाहीत. त्या वाणाचे एक कांडेही कुठे उरलेले नाही, आता फेरतपासणी करायची तरी कशाची, असे म्हणून त्यांनी वही मिटली. मेहुणा बराच वेळ तिथेच उभा राहिला.

काका सावकाश म्हणाले, "ती नळी अजून आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. काल संध्याकाळी मीच ती धुतली, पुसून कोरडी केली. कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात."

"मग?"

"आज सकाळी उघडलं… काचेवर मुंग्या होत्या."