शाळेपर्यंत आलेलं पाणी

शाळा सुटायला पाच मिनिटं असताना एक ट्रक नेमका फाटकासमोर येऊन उभा राहिला, आणि चौथीची शिक्षिका सिताली तावातावाने बाहेर आली. ट्रक साखरेच्या गोड सोड्याच्या बाटल्यांनी खच्चून भरलेला. चालक मात्र स्टीअरिंगवर हनुवटी टेकून तिच्याकडे बघत बसला होता... हलायची त्याला मुळीच घाई नव्हती.

"हा सोडा इथे उतरवायचा नाही," ती म्हणाली.

"मग पोरांनी प्यायचं काय, बाई? शाळेच्या नळाला पाणी आहे का तुमच्या?"

सोडा पिऊन सुटलेली नऊ-नऊ वर्षांची पोरं जिना चढताना धापा टाकत, ते तिला बघवत नव्हतं. म्हणून फाटकावरचा सोडा बंद करा, असा धोशा तिने वर्षभर लावला होता. नळ कोरडा आहे हे ती जाणून होती, स्वतः घरून बाटली आणत होती, पण पोरांच्या तहानेचा विचार तिच्या मनात कधी आलाच नव्हता.

चालकाचं नाव तेओदुलो. दर मंगळवारी तो येई आणि तिला काही ना काही विचारायचं असेच. डोंगरातल्या झऱ्यापासून शाळेपर्यंत पाइप कसा आणता येईल, हे त्याने ट्रकच्या धुळकट दारावर बोटाने काढून दाखवलं.

"सोडावाल्याला पाण्याचा एवढा पुळका?" तिने चिडवलं.

"पाण्याचा नाही..." तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

गावसभेत तिने ठराव मांडला: शाळेला झऱ्याचं पाणी आणायचं, मग फाटकावर फक्त पाणी आणि फळं. सोडा कंपनीचा माणूस पहिल्याच रांगेत बसला होता. निम्म्या गावाची दुकानं सोड्यावर चालत, त्यामुळे एकही हात वर होईना. तेओदुलोला तर तिने आधीच बजावलं होतं, तू हात वर करू नकोस, नोकरी जाईल.

मागून एक हात वर आला. त्याचाच. मग हळूहळू सगळ्यांचे.

दुसऱ्या दिवशी त्याचा ट्रक दुसऱ्याच्या ताब्यात गेला.

रविवारी पाइपासाठी चर खणायला गाव तेकिओला जमलं. तेकिओ म्हणजे बिनपगारी गावकाम. घरटी एक माणूस, आणि कारकून नाव लिहून घेतो. तेओदुलो कुदळ घेऊन पायीच आला.

"तुझा भाऊ आलाय की," कारकून म्हणाला. "तुमच्या घराचं नाव लागलं. तुला कोणत्या घरात लिहू?"

तो गडबडला. चरात गुडघाभर मातीत उभ्या असलेल्या सितालीने मान वर केली. या माणसाचा तिला इतका अभिमान वाटत होता, की लाजायचं भानच राहिलं नाही.

"माझ्या घरात लिहा," ती सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली.

"पण बाई, तुमच्या घरून तुम्ही आल्यात ना..."

"आता आमच्या घरून दोघं येणार," ती म्हणाली, आणि शेजारी त्याला उभं राहायला जागा करून दिली.