शेवटच्या गाडीच्या पुढे

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण माझे मामा थापा मारणाऱ्यांतले नाहीत. मागच्या वर्षी घाटात भर दुपारी दाट धुकं उतरलं, त्या दिवशी हे घडलं.

मुलींची सायकल शर्यत. पाच दिवस, रोज नवा टप्पा. मामा सगळ्यात मागची गाडी चालवतात. दमून शर्यत सोडणाऱ्या मुलीला आत घ्यायचं, पण शेवटच्या सायकलच्या पुढे कधीच जायचं नाही. नियम म्हणजे नियम.

त्यांची चिमीही या शर्यतीत उतरायची. "बाबा, मी मेले तरी तुमच्या गाडीत बसणार नाही हं!" असं चिडवायची.

त्याच्या आदल्या वर्षी याच घाटाच्या उतारावर चिमी पडली.

पुन्हा उठलीच नाही.

तर त्या दुपारी मागच्या सीटवर पायात गोळे आलेली एक मुलगी बसली होती. वायरलेस खरखरला. "मागची गाडी, कुठे अडकलात? सगळ्या मुली पोचल्या!"

मामांनी वेग वाढवला नाही.

कारण पुढे धुक्यात...

टिक टिक टिक टिक...

उतारावर पाय थांबवले की सायकलचं मागचं चाक करतं, तसा आवाज.

"काका, पुढे अजून कोणी आहे का?" मागच्या मुलीने विचारलं.

म्हणजे तिलाही ऐकू येत होतं!

रस्ता रिकामा. ना सायकल, ना सावली.

वळण आलं. तेच वळण.

आवाज थांबला...

मामांनी गाडी थांबवली. ते उतरले, मागचं दार उघडलं. "चिमे, पुरे झालं गं बाळा. ये, बस."

आतली मुलगी सरकली. जागा करून दिली.

कोणीच आलं नाही.

मामा उभ्या उभ्या ढसाढसा रडले. चिमीला स्मशानात पोचवून आले त्या दिवशीही एवढे रडले नव्हते.

आणि वळणाच्या पलीकडून...

टिक टिक टिक...

पोरगी शब्दाची पक्की.

मामा तिच्या मागे हळूहळू गेले. शेवटच्या रेषेपाशी माणसं कमान उतरवत होती. आवाज त्यांच्यामधून गेला, तसाच पुढे, रहदारीच्या रस्त्याला. कोणी मानही वर केली नाही. मामांना मागच्या मुलीला उतरवायचं होतं. तेवढ्यात तो आवाज विरला.

यंदाची शर्यत पुढच्या आठवड्यात आहे. खरं सांगतो, मला धास्ती वाटते. मामी तर हात जोडते, "या वर्षी तरी नका जाऊ हो."

मामा गाडीच्या चाकात हवा भरत म्हणतात, "अगं, पोर एकटी आहे रस्त्यावर. तिच्या मागे कोण राहील?"