डाव्या हाताचं माप

"कुणाची वाट बघताय, बाई?"

मी मान वर केली. जिन्याच्या कठड्याला टेकून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. हातात भाजीची पिशवी, त्यातून मेथीची जुडी डोकावत होती.

"चोराची," मी म्हटलं. "दुपारपासून बसलेय. वेळेवर येईना मेला!"

ते हसले. मिशीच्या एकाच टोकानं हसायचे ते, पण हे मला नंतर कळलं.

झालं होतं असं की सकाळी कारागीर ग्रॅनाइटचा नवा उंबरा बसवून गेला आणि तो जुन्या उंबऱ्यापेक्षा उंच झाला. आत उघडलेलं दार परत लागेचना. ओढलं की उंबऱ्याला अडायचं. सुताराला फोन केला तर म्हणाला, बिजागऱ्यांचे स्क्रू गंजलेत, दार उतरवायचं तर चौकट फोडावी लागेल, आणि तेही सोमवारनंतर. एकटी बाई, सताड उघडं घर. म्हणून दारातच खुर्ची टाकून बसले होते.

ते खाली वाकले, दाराच्या बुडाकडे एक डोळा मिटून पाहिलं.

"अर्धा इंच. आणि एक सूत."

मोजपट्टी न लावता! माझ्या अंगावर काटा आला. असं डोळ्यानं मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला होता... माझे वडील. पंचवटीत त्यांचं देव्हारे घडवायचं दुकान होतं.

"हलू नका. चोर आलाच तर बोलण्यात गुंतवून ठेवा," ते म्हणाले. "मी आलो."

वरच्या मजल्यावर दोन महिन्यांपूर्वी राहायला आलेले वाल्मीक आहेर ते हेच. मूळचे सटाण्याकडचे. इथे देवळाली कॅम्पातच तोफखान्याच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. बायको जाऊन सहा वर्षं झाली, हे शेजारच्या निकितानं सांगितलं होतं. शेजारणी सांगतातच.

ते परत आले ते हातात एक यंत्र घेऊन. लांबट, मुठीत मावेल असं; पुढच्या टोकाला आडवं, चपटं, बोटभर पातं.

"एवढ्याशानं सागवान कापणार?"

"बघा तर."

बटण सरकवलं. घूंऽऽ असा बारीक आवाज आला, आणि पातं... पातं हललंच नाही! निदान मला तरी दिसलं नाही. जागच्या जागी थोडं धूसर झालं, एवढंच.

"फिरत नाही हो हे," मी म्हटलं.

"फिरत नाही, थरथरतं. मिनिटाला वीस हजार वेळा. मोडलेल्या हाताचं प्लास्टर कापतात ना, त्याच जातीचं. मल्टी-टूल म्हणतात याला."

ते जमिनीवर आडवे झाले. सत्तरीला आलेला माणूस, पण कुरकुर नाही. दाराच्या बुडाशी पेन्सिलीनं रेघ मारली, पातं रेघेवर टेकवलं, आणि ते लोण्यात शिरावं तसं लाकडात शिरलं. काढलं, दोन बोटं पुढे सरकवलं, पुन्हा शिरलं. दार उतरवलं नाही, चौकट फोडली नाही. करवतीला जिथे वळायलाही जागा नव्हती, तिथे हे चपटं पातं निवांत चाललं होतं. तासाभरानं दाराची एक लांबच लांब पट्टी सुटून खाली पडली.

मी ती उचलली. पस्तीस वर्षांचं दार, वरून काळवंडलेलं, आतून मात्र मधासारखं पिवळं! वास घेतला तर मी थेट नऊ वर्षांची होऊन वडिलांच्या दुकानात भुशाच्या ढिगावर बसले होते...

"रडताय?" ते जमिनीवरूनच म्हणाले.

"भुसा गेला डोळ्यात."

"माझ्या नाही गेला. मी तर खाली आहे."

चहा मात्र पिऊन गेले.

आता खरी गोष्ट सांगते. घराची ही सगळी दुरुस्ती माझ्यासाठी नव्हतीच. माझी मुलगी पल्लवी बेंगळुरूला असते. तिनं ठरवलं होतं, आईनं आता एकटं राहायचं नाही. घर नीट करून भाड्यानं द्यायचं आणि एक एप्रिलला मी तिच्याकडे जायचं. मी हो म्हटलं होतं. नाही म्हणायला तेव्हा माझ्याकडे काही कारणच नव्हतं.

हे आहेरांना सांगितलं तेव्हा ते कपातल्या चहाकडे बघत राहिले.

"मग एकतीस मार्चच्या आत सगळं झालं पाहिजे," ते म्हणाले. "करतो मी."

एवढंच. मला, खरं सांगते, जरा रागच आला.

त्या दिवसापासून ते रोज चारला यायचे. चारला म्हणजे चारला. वर्कशॉपचा भोंगा अजून त्यांच्या अंगात वाजायचा. न्हाणीघरातल्या फरशांच्या फटी काळ्या पडल्या होत्या. यंत्राला दुसरं पातं लावून त्यांनी फटीफटीतला जुना मसाला खरवडून काढला, एकाही फरशीला ओरखडा नाही. खिडकीच्या चौकटीत मुंडकी तुटून अडकलेले स्क्रू लाकडाला धक्का न लावता कापले. ओट्याखालच्या फळीत नळासाठी चौकोनी खिडकी पाडली. आधी फळी अखंड होती आणि मग तिच्यात कोरल्यासारखा चौकोन होता. कपाटांच्या नव्या मुठी, आधाराचा दांडा, हूक, दिव्याची बटणं, हेही सगळं तेच बसवत गेले. प्रत्येक वेळी मी पदर तोंडाशी धरून बघत राहायचे. पेशव्यांची मिरवणूक बघावी तशी!

पण एकेक काम संपत होतं, तसे दिवसही संपत होते.

"जरा हळू करा ना," मी एकदा म्हटलं.

"का?"

"यंत्र तापेल."

"यंत्राला सवय आहे तापायची."

"मग... तुम्ही तापाल."

"मलाही सवय होत चाललीय, बाई."

मी घाईघाईनं स्वयंपाकघरात गेले. कशासाठी गेले ते तिथे पोचल्यावर आठवेना.

मार्चच्या मध्यावर आतल्या खोलीत फरशी बसायची होती. ती चौकटीखाली सरकवायची तर चौकटीचे पाय फरशीच्या जाडीएवढे कापावे लागणार होते. आहेरांनी फरशीचा एक तुकडा चौकटीला लावून ठेवला, त्यावर यंत्र टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"धरा."

"मी?"

"सुताराची पोर ना?"

"सुताराच्या पोरीला कुणी हत्यार दिलं नाही कधी," मी म्हटलं. "वडील म्हणायचे, एक तर मुलगी, त्यातून डावखुरी. पटाशी मांडीत घालून घेशील."

"याला डावा-उजवा कळत नाही. पातं दोन्हीकडे सारखंच थरथरतं. आणि हवं तसं वळवून बसवता येतं." त्यांनी पातं काढून, वळवून पुन्हा बसवलं. "घ्या. डाव्या हातात."

मी घेतलं. बटण सरकवलं, आणि ती थरथर मनगटातून खांद्यापर्यंत चढत गेली. मधमाश्यांचं मोहोळ हातात धरल्यासारखी. फरशीच्या तुकड्यावर पातं सपाट टेकवून हलकेच पुढे रेटलं... लाकडानं वाट दिली. सदुसष्ट वर्षं मला नाकारलेली वस्तू माझं ऐकत होती! आहेरांनी माझा हात धरला नाही. फक्त आपला हात माझ्या हाताजवळ ठेवला, वीतभर अंतरावर. चुकले तर सावरायला. कापताना माझं लक्ष पात्यावर होतं की त्या वीतभर अंतरावर, ते विचारू नका.

काप सरळ आला. अगदी सरळ.

"तुमच्या वडिलांनी फार मोठी चूक केली," ते हळूच म्हणाले.

एकोणतीस मार्चला पल्लवी आली. भाडेकरू ठरले होते: नवरा, बायको, दोघंही बँकेतले. आहेर शेवटची हत्यारं आवरत होते. पल्लवी खूश होऊन खोल्याखोल्यांतून फिरली. मग स्वयंपाकघरात थबकली.

"काका, या कपाटाची मूठ इतकी खाली का?"

आहेर पेटीत हत्यारं रचत राहिले.

तिनं दुसरं कपाट उघडायला उजवा हात घातला, मूठ सापडेना. तिथेही ती खाली, आणि डाव्या बाजूला. न्हाणीघरातला आधाराचा दांडा डाव्या हाताला. दिव्याची बटणं डाव्या हाताला. कपडे अडकवायचे हूक तर तिच्या कोपरापाशी येत होते. पल्लवी चांगली उंच आहे, वडिलांवर गेली आहे. भाडेकरूही तसेच.

"त्यांना वाकून वाकून राहावं लागेल हो! असं कसं झालं?"

"चुकलं," आहेर म्हणाले.

एक सूत न चुकणारा माणूस!

"किती ठिकाणी?"

"सगळीकडेच."

मला कळायला लागलं होतं. मी माझा डावा हात वर उचलला. न बघता, सवयीनं. तो बरोबर मुठीवर जाऊन बसला. मी दुसऱ्या कपाटापाशी गेले, तिथेही तसंच. कधी घेतलं यांनी माझं माप? चहाचा कप देताना? पदर सावरताना? महिनाभर मी यंत्राकडे थक्क होऊन बघत राहिले आणि हा माणूस मला बघत होता...

"भाडेकरूचं माप घ्यायला बसायचो," ते पल्लवीला म्हणाले, नजर हत्यारांच्या पेटीवर ठेवून, "आणि हात एकाच माणसाचं माप घेत राहायचा. माझी चूक. दोन दिवस द्या, भोकं बुजवून सगळं वर करून देतो. तुझ्या आईची गाडी चुकणार नाही."

ते खरोखरच स्क्रू काढायला पुढे झाले. पहिला अर्धा फिरलाही.

"एकाही मुठीला हात लावायचा नाही," मी म्हणाले.

शाळेत शिकवायचे तेव्हाचा, वर्गातल्या मुलांना गप्प करायचा आवाज निघाला. आहेरांनी स्क्रूड्रायव्हर मागे घेतला.

"पल्लवी, त्या बँकवाल्यांना कळव, घर रिकामं नाही."

"आई! अगं, असं काय... आणि तू? एकटी राहणार?"

"एकटी कोण म्हणतंय?"

बोलून गेले. मुलीसमोर, भर दुपारी, या वयात! कानांच्या पाळ्या तापल्या. पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं, मग आहेरांकडे. ते स्क्रूड्रायव्हरचं टोक उगाचच बोटानं पुसत होते. मग माझी लेक गालातल्या गालात हसली आणि पर्स उचलून म्हणाली,

"मी कॅम्पातून जिलबी घेऊन येते. पायीच जाते. हळूहळू."

ती गेली. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच.

"ज्योत्स्ना," ते म्हणाले.

पल्लवीचे वडील गेल्यापासून अकरा वर्षं त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. आपलंच नाव इतकं सुंदर आहे, हे मला माहीत नव्हतं.

"नीट ऐकू नाही आलं," मी म्हटलं. "पुन्हा म्हणा."

ऐकू अगदी नीट आलं होतं.