वाऱ्यानं आलेला रोग

हसायचं तर खुशाल हसा. पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

बुधवार होता. सकाळचे पावणेनऊ. लख्ख ऊन. आणि मी माझ्या सख्ख्या मावशीच्या रिकाम्या गोठ्यात उभा होतो.

मी जनावरांना लस टोचायचं काम करतो. त्या बुधवारच्या तीन महिने आधी आमच्याकडे लाळ्या-खुरकूतची साथ आली होती. जनावराच्या तोंडात फोड येतात, लाळ गळते, खुरं चिघळतात. बघता बघता पसरते. म्हणून आम्हाला सक्त ताकीद... एका गोठ्यातून निघालं की गमबूट सोड्याच्या पाण्यात धुवायचे, मगच दुसरीकडे पाय ठेवायचा.

साथ ऐन भरात असताना एक दिवस मावशीच्या गाईंना लस टोचायला निघालो, तर माझ्या कॅनमधलं पाणी संपलं होतं. आधीच्या गोठ्यात एक गाय लाळ गाळत होती. मी ते पाहिलं होतं.

म्हटलं, एकदा नाही धुतले तर काय आभाळ कोसळणार आहे?

मावशी दारातच होती. "तू आलास, आता मला घोर नाही," म्हणाली.

पाचव्या दिवशी तिची थोरली गाय चारा खाईना.

आठव्या दिवशी तिन्ही वासरं गेली. हा रोग वासरांचं काळीज धरतो. दूध पिता पिताच कोसळली.

सगळे म्हणाले, रोग वाऱ्यानं आला.

मीही मान डोलावली.

साथ ओसरल्यावर मावशीनं उरलेल्या गाई विकून टाकल्या. त्या बुधवारी मी गोठ्यात औषध फवारायला गेलो होतो. पंप पाठीवर घेतला, आणि...

चप... चप... चप...

तोंड आलेलं जनावर ओठ वाजवतं, तो आवाज. हजारात ओळखेन.

गोठ्यात कुणीच नव्हतं.

आवाज कोपऱ्यातून येत होता. अगदी खालून... वासराच्या तोंडाच्या उंचीवरून.

तिथं खुंट्यांना तीन दावी होती. सैल पडलेली.

मी पंप खाली टेकवला. पुन्हा पाहिलं...

तिन्ही दावी ताणलेली होती. माझ्या दिशेनं.

आणि माझ्या बोटांना काहीतरी ओलं लागलं. कोमट. वासरू बोटं चोखतं ना, तसं.

मी हात झटकला. बोटांवरून लाळेची तार लोंबत होती.

"तुलाही ऐकू येतंय?"

मागे मावशी उभी होती. चेहरा पार उतरलेला. "महिनाभर ऐकतेय रे. मला वाटलं, मलाच भ्रम होतोय. खरं सांग बाळा."

'हो' म्हटलं असतं, तर तिनं विचारलं असतं... ती वासरं तुझ्याकडेच का आली?

मी हात पाठीमागे नेला.

"नाही गं मावशी. काहीच नाही."

ती दाराच्या चौकटीला टेकली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझंच डोकं फिरलंय."

आता ती लेकीकडे असते, तिसऱ्या मजल्यावर. डॉक्टरांनी गोळ्या लावल्यात. दिवसभर पडून असते.

परवा भर दुपारी भेटायला गेलो. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून.

मला बघून ती हसली. "आता नाही रे येत आवाज. गोळ्यांनी गुण आला."

मी खाली बघितलं.

मला येत होता... तिच्या पलंगाच्या पायथ्याशी.

आणि तेव्हाही मी गप्पच बसलो.